कथा दोनदा वाचा, मग कुणाला तरी सांगा

तुम्ही विचारलंय की जुन्या ब्रिटिश लघुकथा वाचायला घेतल्या आहेत, त्यांवर परीक्षणही लिहावंसं वाटतं, पण लिहायला बसलं की नुसतं कथानक कागदावर उतरतं आणि पुढे काही सुचत नाही. माझंही बरीच वर्षं तेच होत होतं. मला दोन सवयींचा उपयोग झाला. एक, कथा संपल्यावर लगेच पुन्हा पहिल्यापासून वाचायची. दुसरी, लिहिण्याआधी ती कुणाला तरी मराठीत तोंडी सांगायची.

दुसऱ्या वाचनात काय हाती लागतं ते बघायला साकीची ‘द ओपन विंडो’ घ्या. साकी म्हणजे एच. एच. मन्रो. जन्म १८७०चा, ब्रह्मदेशातल्या अक्याबचा. १९१६ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. कथा जेमतेम तीन-चार पानांची आहे. फ्रॅम्टन नटल नावाचा, मनाने थकलेला माणूस विश्रांतीसाठी खेड्यात येतो आणि ओळखीची चिठ्ठी घेऊन एका घरी जातो. घरच्या बाई खाली येईपर्यंत त्यांची १५ वर्षांची भाची व्हेरा त्याच्याशी बोलत बसते. (इंग्रजीतल्या ‘आन्ट’वरून मावशी, मामी की काकू ते कळत नाही, मी मावशी धरते.) ती विचारते, इथल्या कुणाला ओळखता का? तो म्हणतो, जवळजवळ कुणालाच नाही. मग ती विचारते, म्हणजे माझ्या मावशीबद्दलही तुम्हाला फारसं काही माहीत नाही?

पहिल्यांदा वाचताना हे पाहुण्याशी चाललेलं साधं बोलणं वाटतं. शेवट कळल्यावर परत आलात की लक्षात येतं, पोरगी अंदाज घेत होती. पुढे ती काय करते ते मी फोडत नाही, तुम्हीही परीक्षणात फोडू नका. या दोन प्रश्नांवरच एक चांगला परिच्छेद लिहिता येईल. आणि शेवटच्या वाक्यात ‘रोमान्स’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ प्रेमप्रकरण नव्हे, तर मनाने रचलेली अद्भुत गोष्ट. तो आजच्या अर्थाने घेतला तर कथेची सगळी गंमत हातातून निसटते.

आता तोंडी सांगण्याबद्दल. माझी सगळ्यात जवळची कथा डी. एच. लॉरेन्सची ‘ओडर ऑफ क्रिसॅन्थमम्स’, म्हणजे शेवंतीचा वास. १९११ साली ती ‘इंग्लिश रिव्ह्यू’ मासिकात आली. इथे शेवट सांगावाच लागेल, पण ही कथा शेवट कळल्याने कमी होत नाही.

कोळशाच्या खाणीजवळचं घर. एलिझाबेथ बेट्स दोन मुलांना घेऊन नवऱ्याची वाट बघते आहे. जेवण निवत चाललंय. तो दारूच्या गुत्त्यात बसला असणार अशी तिची खात्री आहे. चिडून ती म्हणते, आता त्याला कुणी घेऊन येईल तेव्हाच तो येणार. आणि खाणीची काजळी अंगावर घेऊन आला तर मी काही त्याला धुणार नाही, पडू दे जमिनीवर.

ही कथा मी आईला एका रात्री जेवणं झाल्यावर सांगत होते. ‘मी काही त्याला आंघोळ घालणार नाही’ असं मी म्हटलं, आणि आई पटकन म्हणाली, “तिलाच घालावी लागणार बघ.” मी थांबलेच. आपल्याकडे आंघोळ घालणं म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. खाणीत दरड कोसळून तो आत कोंडला जातो आणि गुदमरून मरतो. माणसं त्याला घरी आणतात, बैठकीच्या खोलीत जमिनीवरच ठेवतात, आणि ती व सासू मिळून त्याचं अंग धुतात. तिच्या रागातला शब्दन् शब्द खरा होतो. मी तीनदा वाचूनही जे मला दिसलं नव्हतं, ते आईला एका वाक्यात दिसलं. तुम्ही सांगत असताना ऐकणारा जिथे मध्ये बोलेल, तिथूनच परीक्षण सुरू करा.

या कथेतली आणखी एक जागा मला सोडत नाही. प्रेत आत आणताना शेवंतीच्या फुलांची फुलदाणी धक्का लागून पडते, फुटते. एलिझाबेथ नवऱ्याकडे बघत नाही. आधी काचा आणि फुलं उचलते, सांडलेलं पाणी पुसते. लॉरेन्स यावर काही भाष्य करत नाही. परीक्षणात तुम्हीही ‘यातून तिचं दुःख दिसतं’ असं लिहून मोकळे होऊ नका. ती आधी काय उचलते एवढं नीट मांडा. शेवंती म्हटल्यावर आपल्याला दसऱ्याच्या माळा आणि वेण्या आठवतात, पण इथे तो वास वेगळा आहे: लग्नात शेवंती, मुलीच्या जन्माच्या वेळी शेवंती, तो पहिल्यांदा दारू पिऊन घरी आणला गेला तेव्हाही कोटाला शेवंतीच.

लेखकाच्या चरित्रातलं जे कथेचं दार उघडतं तेवढंच घ्या. लॉरेन्सचे वडील नॉटिंगहॅमशायरमधल्या ईस्टवुडचे खाणकामगार होते, हे इथे उपयोगी आहे. पात्रांची बोली जड गेली तर ते संवाद मोठ्याने वाचा, अर्धे अडथळे तिथेच सुटतात. दोन्ही कथा प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुढची म्हणून डिकन्सची ‘द सिग्नलमन’ घ्या, रेल्वेच्या सिग्नलवाल्याची कथा. १८६६ची आहे, त्याच्या आदल्या वर्षी स्टेपलहर्स्टला झालेल्या रेल्वे अपघातात डिकन्स स्वतः गाडीत होता. रूळ दुरुस्तीसाठी काढलेले होते आणि लाल निशाण दाखवणारा माणूस हवा तेवढा लांब उभा नव्हता.

लॉरेन्सवर लिहिलंत तर मला नक्की वाचायला द्या. आई म्हणते, एलिझाबेथचं नवऱ्यावर प्रेम होतंच, फक्त रागाखाली दबलं होतं. मला वाटतं, त्याचं अंग पुसताना तिला पहिल्यांदाच कळतं की या माणसाला आपण कधी पाहिलंच नव्हतं. आमचं दोघींचं यावर अजून जमलेलं नाही.