कोल्हापुरात फ्लॅटमध्ये ग्रेट डेन पाळता येईल का? खर्च आणि काळजी काय?

येतंय पाळता. पण तुम्ही विचारलंय टू बीएचके पुरेल का, आणि मला वाटतं आधी हे विचारा की रात्री दोन वाजता साठ-सत्तर किलोचं कुत्रं उचलून गाडीत कोण घालणार. घराच्या स्क्वेअर फुटाचं एवढं काही नाही, ग्रेट डेन घरात दिवसभर लोळत पडणारं कुत्रं आहे. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, किंवा लिफ्ट सारखी बंद असते, तर मी स्पष्ट नको म्हणेन. कारण म्हातारपणी ह्यांचे मागचे पाय जातात आणि मग रोज जिना कसा उतरवणार?

आमचा बाजी ग्रेट डेन, कळंब्याकडं राहतो आम्ही, तळमजल्यावर. एका रात्री जेवण झाल्यावर तो सारखा उलटीचा जोर लावायला लागला पण बाहेर काहीच येईना, नुसती लाळ, पोट फुगून टणक झालेलं, एका जागी बसवेना त्याला. मला हे वाचून माहीत होतं म्हणून आधी डॉक्टरांना फोन लावला आणि मग भाऊ, मी आणि शेजारचे काका असं तिघांनी चादरीत घालून गाडीत ठेवला. ह्याला ब्लोट म्हणतात, पोटात गॅस भरतो आणि जठर स्वतःभोवती पीळ खातं, रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत कुत्रं जातं. सकाळपर्यंत बघू, ओवा देऊ असलं काही चालत नाही, ऑपरेशनच लागतं. बाजी वाचला, त्याच ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बसवलं म्हणजे परत पीळ पडू नये. हे टाके आधीच, नसबंदीच्या वेळी सुद्धा घालून घेता येतात, तुम्ही नक्की विचारा. आणि रात्री ऑपरेशन करणारे डॉक्टर कोण हे पिल्लू आणायच्या आधी शोधून ठेवा. एकदम ढीगभर खायला न घालता दोन-तीन वेळा थोडं थोडं घालायचं, खाल्ल्यावर तासभर तरी पळवायचं नाही.

आता खुराक. आपल्याकडं मोठ्या जातीचं पिल्लू आणलं की तालमीतल्या पैलवानासारखा खुराक लावतात, दूध, अंडी, मटण आणि वर कॅल्शियमचं सिरप, कारण हाडं मजबूत व्हायला पाहिजेत. इथंच वाट लागते. ह्या पिल्लांचं शरीर जादाचं कॅल्शियम अडवू शकत नाही, मग हाडं आणि सांधे वाकडेतिकडे वाढतात, पाय फेंगडे होतात. लार्ज ब्रीड पपी लिहिलेलं फूड घाला, त्यात कॅल्शियम मोजून असतं, सिरप कुणीही सांगितलं तरी नको. पिल्लू जरा सडपातळच राहू दे, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, लोक म्हणतील उपाशी ठेवलंय, म्हणू देत. दीड वर्षाचं होईपर्यंत लांब पळवणं, उड्या, जिने हे सगळं कमी. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर मॅट टाका, पाय घसरून सांधे खराब होतात. झोपायला जाड गादी पाहिजेच, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात.

आणि रविवारचा रस्सा, तांबडा असो की पांढरा, कुत्र्याला अजिबात नाही. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवलेली हाडं पण नकोत, त्यांचे तुकडे आतड्यात घुसतात. पाहुण्यांना हे सांगताना वाईट वाटतंय पण सांगायचं.

पावसाळ्यात आपल्याकडं गोचीड लई. गोचीड ताप मोठ्या कुत्र्याला पण आडवा करतो, तेव्हा गोचीडचं औषध चुकवू नका, लेप्टोची, म्हणजे उंदराच्या लघवीतनं पसरणाऱ्या आजाराची लस वर्षाला द्या, रेबीजची तर आहेच. एप्रिल-मेमध्ये उजाडायच्या आत आणि दिवस मावळल्यावरच फिरवायचं. सेंट बर्नार्डचा विचार असेल तर सोडून द्या, ते आल्प्सच्या बर्फातलं कुत्रं, इथं उन्हाळाभर धापा टाकत बसणार, बघवत नाही.

खर्च म्हणाल तर आमचं खाणं आणि औषध धरून महिन्याला दहा-बारा हजार जातात, गोळ्या वजनावर असतात त्यामुळं प्रत्येक औषध जास्तच लागतं. ऑपरेशनसाठी वेगळे पैसे बाजूला टाका.

आयुष्य सात ते दहा वर्षं, हे घरातल्या लहान मुलांना आधीच सांगा. हृदय मोठं होऊन कमजोर पडण्याचा आजार ह्या जातीत बराच आहे, म्हणून पिल्लू घेताना आईबापाचं हृदय आणि खुबे तपासलेत का विचारा, आई दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडनं घेऊ नका, कितीही स्वस्त दिलं तरी.

तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे ते कमेंटमध्ये सांगा. कोल्हापुरातच असाल तर एखाद्या रविवारी घरच्यांना घेऊन या, बाजीला बघा, आणि त्याला उचलून बघा.