समुद्री काकडी: तीन दिवस पाणी, अर्धा तास आच

प्रश्न (सिंगापूर): चिनी नववर्षाला शेजारणीने वाळवलेल्या समुद्री काकडीचं पाकीट दिलं. बोटाएवढ्या, काळ्या, काटेरी आणि दगडासारख्या टणक अशा सहा काकड्या आहेत. प्रेशर कुकरला लावल्या तर चालतील का?

उत्तर: कुकर नको. त्यात बाहेरून गिच्च आणि मध्ये वातड, असा प्रकार होतो. समुद्री काकडी ही भाजी नव्हे, समुद्रतळावरचा काकडीच्या आकाराचा प्राणी आहे. खायचा भाग म्हणजे त्याच्या अंगाची जाड भिंत, मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन. वाळताना ती आवळते, आणि पाणी आत शिरायला तिला दिवस लागतात, तास नव्हे.

सुरुवात पातेल्यापासून. रोजच्या फोडणीचं पातेलं साबणाने दोनदा घासा, हातही धुवा. पाण्यावर तेलाचा नुसता तवंग असला तरी काकडी नीट फुगत नाही, वरून विरघळू लागते. मीठही नको. नळाचं पाणी जड असेल तर फिल्टरचं घ्या.

सहा काकड्या दोन लिटर गार पाण्यात घालून २४ तास फ्रिजमध्ये ठेवा. मध्ये दोनदा पाणी बदला. मग पोटाकडची चीर कात्रीने उभी वाढवा. तोंडाशी पांढरी, खडूसारखी टणक कडी लागेल, ती कापून टाका. खाताना दाताखाली कचकचते ती हीच. आतली वाळू आणि आतड्याचे धागे वाहत्या पाण्याखाली काढा. आतल्या बाजूला पाच उभे पट्टे दिसतील. ते स्नायू आहेत, घाण समजून खरवडू नका. फक्त दोन-तीन ठिकाणी आडवा छेद द्या, नाहीतर काकडी आखडलेलीच राहते.

आता ताज्या पाण्यात उकळी आणा, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर ३० मिनिटं ठेवा, गॅस बंद करा आणि त्याच पाण्यात निवू द्या. नंतर बर्फ घातलेल्या पाण्यात २४ ते ४८ तास फ्रिजमध्ये. पाणी रोज बदलायचं. खरी फुगते ती इथेच. लांबी जवळजवळ दुप्पट होते. चॉपस्टिकने मधोमध उचलल्यावर दोन्ही टोकं खाली झुकली की झाली.

प्रश्न (हाँगकाँग): सहापैकी दोन पातेल्यातच विरघळल्या आणि एक शेवटपर्यंत वातड राहिली. काय चुकलं?

उत्तर: बहुधा सगळ्या एकाच वेळी बाहेर काढल्यात. पाकिटातल्या काकड्या सारख्या जाडीच्या नसतात. अर्ध्या तासानंतर एकेक दाबून पाहा. बोट रुतलं ती बाहेर, कडक असेल तिला आणखी १५ मिनिटं. विरघळण्याची कारणं तीन: तेलकट भांडं, रटरटती उकळी, नाहीतर कोमट पाण्यात रात्रभर ओट्यावर पडून राहणं. शेवटच्या प्रकारात बुळबुळीतपणा आणि वास येतो. ती काकडी, कितीही महाग असो, टाकून द्या.

माल खोटाही असू शकतो. वजन वाढवण्यासाठी साखरेच्या पाकात घालून वाळवलेल्या काकड्या विकल्या जातात. भिजवणीचं पाणी चिकट आणि गोडसर लागलं की ओळखा. या कमी फुगतात. तयार फुगवलेल्या काकड्यांना अमोनियासारखा वास येत असेल तर घेऊच नका.

भिजवलेल्या उरल्या तर प्रत्येक वेगळ्या पिशवीत, बुडेल इतकं पाणी घालून फ्रीझरला.

प्रश्न (सिंगापूर, त्याच वाचक): मग करायचं काय? मालवणी मसाला चालेल?

उत्तर: हिला स्वतःची चव जवळजवळ नाही, ती रसाची चव घेते. चीनच्या शानदोंग प्रांताची पातीच्या कांद्यातली पद्धत पहिल्यांदा करून पाहा. चार फुगलेल्या काकड्या आल्याच्या चार चकत्या आणि चमचाभर शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन) घातलेल्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून निथळा. जाड पातीच्या सहा कांद्यांचा पांढरा भाग पाच सेंटिमीटरचे तुकडे करून चार मोठे चमचे तेलात मंद आचेवर सोनेरी तळा आणि बाजूला काढा. घाई केलीत तर कांदा करपतो, तेल कडू होतं आणि सगळी डिश गेली. त्याच तेलात ऑयस्टर सॉस आणि सोया सॉस प्रत्येकी एक मोठा चमचा, साखर एक लहान चमचा आणि कोंबडीचा स्टॉक एक वाटी. त्यात काकड्या पाच मिनिटं. दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घाला, कांदा परत टाका. रस आळून काकडीला चकाकी आली की उतरवा. मीठ चाखूनच, दोन्ही सॉस खारट असतात.

मालवणी मसाला चालेल, पण आमच्या मते त्या झणझणीत रश्श्यात काय खातोय ते कळतच नाही. केलंच तर कोकम गॅस बंद केल्यावर घाला. आंबटात शिजली की काकडी आवळते.

प्रश्न (मुंबई): आपल्याकडे कोळणीकडे मिळेल का?

उत्तर: नाही, आणि मागूही नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्री काकड्या २००१ पासून आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. पकडणं, विकणं, जवळ बाळगणं, सगळा गुन्हा. त्याआधी तमिळनाडूत मन्नारच्या आखातातून वाळवलेला माल बाहेर जात असे. आता तिथे तस्करी पकडली जाते. परदेशातल्या वाचकांनी गावी येताना उरलेलं पाकीट बॅगेत टाकू नये.