आईचं घर आणि परदेशातली तिकीटखिडकी

वाचकाचं पत्र: "वय ३८, कमावणारा मी एकटाच. पत्नी घर सांभाळते, मुलं १० आणि ७ वर्षांची. मुलांनी डोक्यावर घेतलेल्या एका कौटुंबिक फँटसी चित्रपटाचा खर्च होता १५ कोटी डॉलर आणि जगभरची कमाई ४० कोटी. त्यातले ३० कोटी तर परदेशातले. आता दुसऱ्या भागाच्या नफ्यातला हिस्सा 'युनिट'च्या रूपात विकला जातोय. माझ्या तीन विमा पॉलिसी ज्यांनी करून दिल्या, त्याच सल्लागारांच्या मते तीन वर्षांत रक्कम दुप्पट होईल. पैशांची सोय झाली आहे. ७१ वर्षांच्या आईच्या नावावरचं घर तारण ठेवून कर्ज काढलंय, तिनेही आनंदाने सही केली. रक्कम गेल्या महिन्यात खात्यात जमा झाली. सगळी एकदम गुंतवू की दोन टप्प्यांत?"

एकदमही नको आणि दोन टप्प्यांतही नको. ही रक्कम याच आठवड्यात कर्जखात्यात परत भरायची आहे. का, ते पुढे सांगतो. आधी चित्रपटाचा हिशेब उरकू, कारण त्या ४० कोटींनी तुमची झोप उडवली आहे.

४० कोटी ही तिकीटविक्री आहे. निर्मात्याच्या हातात पडलेली रक्कम वेगळी. तिकिटाच्या पैशातून चित्रपटगृह आपला वाटा आधी ठेवून घेतं. अमेरिकेत स्टुडिओकडे साधारण निम्मे पोचतात, परदेशातून ढोबळ मानाने शंभरातले चाळीस. चीनमध्ये महसूल वाटून घेण्याच्या पद्धतीने लागणाऱ्या परदेशी चित्रपटांना, २०१२ साली अमेरिकेशी झालेल्या समझोत्यानंतर, २५ टक्के मिळू लागले. आधी त्याहूनही कमी मिळायचे. म्हणजे 'परदेशात धो धो चालला' हे वाक्य जितकं मोठं, तितका निर्मात्याचा वाटा बारीक.

तुमच्या चित्रपटाला हेच लावू. परदेशातल्या ३० कोटींचे १२, घरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, १० कोटींचे ५, एकूण १७. त्यातून वितरणाचा मेहनताना ३० टक्के धरला तर ५ गेले, उरले १२. जाहिरात आणि प्रती यांचे १० धरा. लहान मुलं पडद्यावरची अक्षरं वाचत बसत नाहीत, म्हणून असा चित्रपट प्रत्येक भाषेत डब करावा लागतो, त्याचाही खर्च यातच. उरले २. आणि चित्रपट बनवायला लागले होते १५. टीव्ही आणि स्ट्रीमिंगचे पैसे पुढे येतात, काही चित्रपट त्यावर तरतातही. पण 'खर्चाच्या अडीचपटीहून जास्त कमाई' म्हणून जे तुम्हाला दाखवलं, ते चित्रपटगृहांपुरतं १३ कोटींनी उणे आहे.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २००७ साली 'द गोल्डन कंपास' आला. खर्च सुमारे १८ कोटी डॉलर. अमेरिका-कॅनडात ७ कोटींच्या आसपास थांबला, बाहेरच्या देशांत मात्र सुमारे ३० कोटींची तिकिटं विकली गेली. पण न्यू लाइन या निर्मात्या स्टुडिओने पैसा उभा करताना परदेशातले हक्क आधीच विकून टाकले होते. परदेशात रांगा लागल्या आणि त्याचा लाभ हक्क विकत घेणाऱ्यांना झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यू लाइन स्वतंत्र स्टुडिओ म्हणून बंद करून वॉर्नर ब्रदर्समध्ये विलीन करण्याचा निर्णय जाहीर झाला. तुम्हाला पाठवलेल्या माहितीपत्रकात दुसऱ्या भागाचे परदेशातले हक्क कोणाकडे आहेत, यावर एक ओळही नाही. मी दोनदा वाचलं.

आणि 'नफ्यातला हिस्सा' म्हणजे कोणता नफा? २००७ च्याच पाचव्या हॅरी पॉटर चित्रपटाने जगभरात सुमारे ९४ कोटी डॉलर कमावले. २०१० साली त्याचं नफावाटपाचं हिशेबपत्रक बाहेर फुटलं. त्यात चित्रपट सुमारे १६ कोटी ७० लाख डॉलर तोट्यात दाखवलेला होता. वितरणाचा मेहनताना २० कोटींच्या वर, शिवाय साडेपाच कोटींहून जास्त व्याज. म्हणजे स्टुडिओ आपलं आधी वळतं करून घेतो आणि 'निव्वळ नफ्या'वर बोट ठेवून बसलेला माणूस रांगेच्या टोकाला उभा असतो. तुमचं युनिट त्याच टोकाला आहे.

दुसरा भाग पहिल्याइतका चालेल, हेही गृहीत धरू नका. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'ने २०१० साली १०० कोटी डॉलर ओलांडले. २०१६ मधला पुढचा भाग ३० कोटींच्या आसपास अडकला. सहा वर्षांत आठ वर्षांचा मुलगा चौदाचा होतो. त्याला ती परी आणि तो ससा नको असतो. कौटुंबिक चित्रपटाचा प्रेक्षक वाट पाहत थांबत नाही, तो मोठा होऊन निघून जातो.

चित्रपटाबद्दल एवढं पुरे. पत्रात मला खरं अस्वस्थ केलं ते तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका ओळीने: "तिनेही आनंदाने सही केली."

तुमची ओळख झाकावी म्हणून तुम्ही कळवलेले घरचे आकडे मी बदलून मांडतो. तुमचं वर्षाचं हातात येणारं उत्पन्न १०० धरू. घरखर्च ६०. तीन पॉलिसींचे हप्ते १५. कर्ज ८०, व्याज १० टक्के, मुदत दहा वर्षं, म्हणजे वर्षाला सुमारे १३ चा हप्ता. बेरीज ८८. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले आहेत ५, म्हणजे बरोबर एका महिन्याचा घरखर्च.

आता मला सांगा, तुमची नोकरी चार महिन्यांसाठी गेली तर हप्ता कोण भरणार? हप्ते थकले तर घर जाईल ते तुमचं नाही, ७१ वर्षांच्या त्या बाईचं, जिला दुसरं उत्पन्न नाही आणि जिने मुलावरच्या विश्वासाने कागद न वाचता सही केली. दहा वर्षांत या ८० चे तुम्ही १२५ च्या वर भरणार. तीन वर्षांनी युनिटमधून मुद्दल जसंच्या तसं परत आलं, तरी तोवर २० च्या वर व्याज गेलेलं असेल. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला २६ टक्के. हे कुणी तोंडी सांगतं तेव्हा त्याच्याकडे एवढंच मागा: याच शब्दांत, सहीनिशी लिहून द्या. माझ्या इतक्या वर्षांत असं लिहून देणारा विक्रेता मला भेटलेला नाही.

त्याच विक्रेत्याच्या तीन पॉलिसी आता पाहू. वर्षाला १५, वीस वर्षं, एकूण भरणा ३००. शेवटी मिळणार म्हणून सांगितलेले ४८०. ऐकायला भरघोस वाटतं. परतावा काढला तर वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आतच. दहा टक्क्यांनी कर्ज घेणारा माणूस साडेचार टक्क्यांत बचत करतोय, आणि दोन्ही एकाच माणसाच्या सल्ल्याने. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

पण कमी परताव्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. तिन्ही पॉलिसी मिळून विमा संरक्षण आहे १५०. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर त्यातून ८० कर्जाला जातील, उरतील ७०. घरखर्च ६०. म्हणजे पत्नी, दोन मुलं आणि आई यांच्या हातात चौदा महिने. तुमचा धाकटा सात वर्षांचा आहे. विमा या शब्दाखाली तुम्ही चार वर्षांत ६० भरलेत आणि घराला मिळाले चौदा महिने.

म्हणून आधी ८० कर्जखात्यात परत. प्रक्रिया शुल्क आणि महिन्याभराचं व्याज गेलं ते गेलं. मुदतपूर्व फेडीचं शुल्क लागत असेल तर तेही भरा, युनिटपेक्षा ते स्वस्तच पडेल. फेडीचा दाखला आणि आईच्या घराची मूळ कागदपत्रं ताब्यात घेईपर्यंत काम झालं असं समजू नका.

मग साधा टर्म विमा घ्या, निदान १००० चा, म्हणजे उत्पन्नाच्या दहापट. मुदत संपली की काही परत मिळत नाही, आणि तो स्वस्त असतो त्याचं कारण तेच. प्रकृतीविषयी विचारतील ते खरं सांगा. त्याचं पॉलिसीपत्र हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसींना हात लावू नका. नंतर सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे घेतल्यास किती, आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास किती, हे कंपनीकडूनच लेखी मागवा, सल्लागाराकडून नको. भरलेल्या ६० पैकी काही बुडतील. ते वाईट वाटेल, पण पुढचे सोळा हप्ते म्हणजे २४० अजून तुमच्या हातात आहेत. त्यातून प्रथम सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ३०, बाजूला साठवा.

चित्रपटधंद्यात भाग हवाच असेल तर मोठे स्टुडिओ ज्या कंपन्यांचे आहेत, त्या जगभरच्या शेअर बाजारांवर चालणाऱ्या इंडेक्स फंडांत, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडांत, आधीपासून असतात. ते मात्र वरचं सगळं झाल्यावर.

आईला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो. पैसे भरल्याची पावती घेऊन तिच्याजवळ बसा आणि तिने कशावर सही केली होती ते पूर्ण वाचून दाखवा. कर्जाचं मंजुरीपत्र मला पाठवा. मुदतपूर्व फेडीचं कलम मी वाचून परवापर्यंत कळवतो.