थारच्या पोटाखाली किती पैसे घालायचे?

साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३६, हातात येणारा पगार ९२ हजार. घरखर्च आणि गाडीचा १९ हजारांचा हप्ता धरून महिन्याला ६८ हजार जातात, १० हजारांची एसआयपी आहे. बँकेत ३ लाखांची एफडी, दिवाळीला साधारण ६० हजार बोनस. घरी पत्नी, लहान मुलगी आणि आई. गाडी महिंद्रा थार, डिझेल, फोर बाय फोर, चौथ्या वर्षात. पाऊस सरला की महिन्यातून एखाद्या रविवारी मित्रांच्या तीन-चार गाड्यांबरोबर पाटण-कोयनेकडच्या खडकाळ वाटांवर जातात. गेल्या आठवड्यात एका दगडावर गाडी बाजूने बसली. पायरी वाकून दाराखालच्या पत्र्यात घुसली. दुरुस्तीचा अंदाज ४० हजार.

त्यांनी चिलखताचं कोटेशन आणलंय, तेही पत्रासोबत आहे. पोटाखालच्या स्किड प्लेट (दगडाचा मार झेलणारे जाड पत्रे) ३६ हजार, बाजूचे रॉक स्लायडर (पायरीच्या जागी बसणारे, मार झेलणारे जाड दांडे) ३० हजार, पुढचा लोखंडी बंपर ४२ हजार, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) ४६ हजार, लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) ३८ हजार, चार मड टेरेन (चिखलवाटेचे) टायर ५६ हजार. एकूण २ लाख ४८ हजार. त्यांचे प्रश्न तीन: हे पैसे एफडी मोडून द्यावेत की पर्सनल लोन काढून? पत्नी म्हणते, विमा आहे ना, मग एवढा खर्च कशाला. तिचं खरं का? आणि आत्ताच्या ४० हजारांचा क्लेम करावा का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. एफडीला हात लावू नका, कर्ज काढू नका. कोटेशनमधल्या सहा वस्तूंपैकी दोनच घ्या, स्किड प्लेट आणि स्लायडर. होतात ६६ हजार, ते दिवाळीच्या बोनसमधून द्या. आणि क्लेम करू नका.

एफडीचं आधी संपवू. तुमचा महिन्याचा खर्च ६८ हजार, म्हणजे ३ लाखांत घर साडेचार महिनेसुद्धा चालत नाही. सहा महिन्यांची तरतूद हवी म्हटलं तर ४ लाखांच्या वर रक्कम लागते. ही एफडी आधीच तोकडी आहे. घरात वयस्कर आई आहे, कमावणारे तुम्ही एकटे. कर्जाचंही तसंच. १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी २ लाख ४८ हजार उचलले तर हप्ता जवळजवळ ८,५०० बसतो आणि नुसतं व्याज ५७ हजार जातं. तेवढ्या व्याजात स्किड प्लेटचे दीड संच आले असते. एफडीवर कर्ज स्वस्त पडतं हे मला माहीत आहे, तुम्ही तेच विचारणार होतात. पण एफडी गहाण पडली की अडीअडचणीला ती तुमची राहत नाही.

आता वहिनींचा मुद्दा. त्या निम्म्या बरोबर आहेत. खडकावर गाडी आपटणं हा अपघातच आहे, त्यामुळे सर्वसमावेशक पॉलिसीत त्याचं नुकसान बसतं. घोटाळा पुढे होतो. समजा टोकदार दगड इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरला लागला आणि बारीक चीर गेली. तेल ठिबकायला लागलं. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा पेटला. पुढचं गाव दोन किलोमीटरवर, मागे वाट अवघड, म्हणून गाडी तशीच रेटली. गावाच्या वेशीवर इंजिन सीझ झालं. विमा कंपनीचा सर्व्हेअर येणार, फुटलेला चेंबर मंजूर करणार आणि जाम झालेलं इंजिन नाकारणार. चेंबर अपघातात फुटला. इंजिन गेलं ते तेलाविना चालवल्यामुळे, आणि असं मागाहून ओढवलेलं नुकसान मूळ पॉलिसीत बसत नाही. बिघाडानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढीव नुकसान मालकाच्या माथी, अशी अटही पॉलिसीत असते. चेंबरचा खर्च हजारांत, इंजिनचा लाखांत.

याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही करायचे. एक, ऑगस्टमध्ये पॉलिसीचं नूतनीकरण आहे तेव्हा इंजिन प्रोटेक्ट हे जोड-कवच घ्या आणि पोटाला मार लागून तेलगळतीने झालेलं इंजिनचं नुकसान त्यात धरलंय का ते शब्दशः वाचा. पुष्कळ लोक ते फक्त पुराच्या पाण्यासाठी असतं असं समजून सोडून देतात. दुसरा उपाय फुकट आहे: लाल दिवा लागला की त्याच जागी इंजिन बंद, मग ट्रॅक्टरने ओढायला लागलं तरी चालेल.

विमा आणखी कुठे हात आखडता घेतो ते सांगतो, कारण तुमचा तिसरा प्रश्न त्यातच सुटतो. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के. तुमचं इंजिन १५०० सीसीच्या वरचं आहे, म्हणून प्रत्येक क्लेममागे सक्तीची वजावट २ हजार. नुसता टायर फाटला आणि गाडीला काही झालं नाही तर टायरचा पैसाही मिळत नाही. झिरो डेप, म्हणजे हा घसारा कापू न देणारं जोड-कवच, तुम्ही गेल्या वर्षी दोन-अडीच हजार वाचवायला सोडलंत असं लिहिलंय. खडकात गाडी घालणाऱ्याने सोडायची ती गोष्ट नव्हे. ऑगस्टमध्ये परत मागा, देतात का बघा.

आता तुमचं ४० हजारांचं बिल उघडून बघू. धातूची नवी पायरी ११ हजार, दाराखालचा पत्रा ७ हजार, प्लास्टिकचं क्लॅडिंग (पत्र्यावरचं आवरण) १२ हजार, मजुरी आणि रंग १० हजार. धातूचे १८ हजार, त्यातले १३,५०० मिळतील. क्लॅडिंगचे ६ हजार. मजुरी-रंगाचे १० हजार पूर्ण धरू, खरं तर रंगाच्या साहित्यावरही थोडी कपात होते. बेरीज २९,५००, वजा २ हजार. हातात २७,५००.

दुसऱ्या बाजूला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. तुम्हाला आत्ता ३५ टक्के सूट आहे, ऑगस्टमध्ये ४५ होईल, पुढच्या वर्षी ५०. क्लेम केला की शून्यावर येऊन परत २०, २५, ३५, ४५ अशी चढण. तुमचा गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम सुटीआधी १८ हजार आहे. तो तेवढाच राहिला असं धरलं तर पहिल्या वर्षी ८,१०० जास्त जातील, मग ५,४००, ४,५००, २,७०० आणि ९००. पाच वर्षांत २१,६००, कर वेगळा. म्हणजे २७,५०० मिळवण्यासाठी २१,६०० घालवायचे. गाडी जुनी होईल तसा हा प्रीमियम उतरतो, त्यामुळे खरा तोटा थोडा कमी निघेल. पण ही सूट गाडीची नसून मालकाची असते. उद्या थार विकून दुसरी गाडी घेतलीत तरी ५० टक्के तुमच्याबरोबर येतात. मोठ्या क्लेमसाठी ती राखून ठेवायची.

आणि मुळात पायरी नवी घ्यायचीच कशाला? स्लायडर बसवला की पायरी निघतेच. पायरी वगळली तर बिल २९ हजारांवर येतं आणि विम्याकडून मिळतात १९,२५०. नो क्लेम बोनसचा तोटा त्याहून मोठा. म्हणून क्लेम नको. पत्रा आणि रंगाचे १७ हजार लवकरात लवकर खिशातून करा, कारण उघड्या पत्र्याला साताऱ्याच्या पावसात गंज चढायला वेळ लागत नाही. क्लॅडिंग नसलं तर गाडी विद्रूप दिसते, बाकी काही बिघडत नाही. ते सप्टेंबरपर्यंत थांबेल. ओळखीचा डेंटिंगवाला असेल तर पत्रा न बदलता ठोकून निघतो का हेही विचारा.

आता कोटेशनमधून मी चार वस्तू का कापल्या ते.

लिफ्ट किटवर तुमचा सगळ्यात जास्त जीव आहे असं पत्रावरून वाटतं. थारचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे, मध्ये डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, गोळा. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, गोळा आहे तिथेच राहतो. तो उचलायला टायरच मोठे घालावे लागतात. पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत, तिथे गाडी उचलली की अ‍ॅक्सलच्या सांध्यांचे कोन ताणले जातात आणि ते लवकर झिजतात. कंपनीने मुळात जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंची दिली आहे. ३८ हजार खर्चून दगड आणि गोळा यांतलं अंतर एका बोटानेही वाढत नसेल तर हा खर्च कशासाठी?

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दंड परवडेल हो, पण न कळवलेला बदल हे विमा कंपनीच्या हातात दिलेलं आयतं कारण असतं, आणि ते ती मोठ्या क्लेमच्या वेळी बाहेर काढते.

लोखंडी बंपरचंही तेच. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बुलबार आणि क्रॅशगार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, पादचारी आणि गाडीतली माणसं दोघांनाही धोका म्हणून. बंपर गेला की विंचही गेली, कारण ती त्याच्यावरच बसते. तीन-चार गाड्या बरोबर असताना विंच बहुतेक वेळ शोभेचीच असते. जांभ्याच्या उघड्या सड्यावर तिचा दोर बांधायला झाड तरी कुठून आणणार? एक चांगला कायनेटिक (ताणला जाणारा) दोर आणि तो गाडीला अडकवायला दोन सॉफ्ट शॅकल (दोरीच्या कड्या) घ्या, ७-८ हजारांत काम होतं. टायरचं म्हणाल तर आहेत ते झिजू द्या. बदलायची वेळ येईल तेव्हा त्याच मापाचे, बाजू जाड असलेले ऑल टेरेन (डांबरी आणि कच्च्या वाटेला दोन्हीकडे चालणारे) घ्या. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड नदीपात्रातल्या गोट्यांसारखा गुळगुळीत नसतो, धारेचा असतो आणि तो टायर बाजूने चिरतो. खडकावर हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवायची आणि डांबरी लागली की परत भरायची. त्यासाठी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर ४ हजारांत येतो. अख्ख्या कोटेशनमध्ये हा नाही, याचं मला नवल वाटलं. त्यात विकणाऱ्याला फारसं सुटत नसावं.

स्किड प्लेट घेताना गाडी आधी रॅम्पवर चढवायला लावा आणि स्वतः खाली उभे राहा. कंपनीची कुठली प्लेट आहे, चेंबर कुठे उघडा आहे, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि डिझेलची टाकी कशाने झाकली आहे ते बघा. आहे त्यावरच पुन्हा पैसे घालू नका. नवी प्लेट चॅसिसला बोल्ट झाली पाहिजे. गिअरबॉक्सच्या खोळीला कसली तर दगडाचा मार सरळ आत जातो. बोल्टची डोकी प्लेटमध्ये बुडलेली हवीत, नाहीतर पहिल्याच दगडावर ती घासून सपाट होतात आणि पुढच्या सर्व्हिसला पाना लागत नाही. तेल सोडायचं भोक ठेवलंय का? नसेल तर दर सर्व्हिसला प्लेट उतरवायची मजुरी भराल.

लोखंड की अ‍ॅल्युमिनियम, हाही पैशाचाच प्रश्न आहे. एक चौरस मीटरची ४ मिलिमीटरची पोलादी प्लेट ३१ किलोच्या वर भरते, ६ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची १६ किलोच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियम हलकं, गंजत नाही, पण मऊ असल्यामुळे दगड त्यात रुततो आणि गाडी अडते. पोलाद दगडावरून घसरतं. महिन्यातून एकदा खडकात जाणाऱ्याला पोलाद स्वस्त आणि पुरेसं, फक्त दरवेळी खालचा चिखल आणि अडकलेलं वाळकं गवत पाण्याच्या फवाऱ्याने काढायचं. सायलेन्सरजवळ साठलेलं गवत पेट घेतं.

स्लायडरही चॅसिसलाच, आणि बॉडीच्या बाहेर न डोकावणारा. दोन्हींचं बिल नावावर घ्या आणि विमा कंपनीला ईमेल करून पॉलिसीत अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवा. थोडा प्रीमियम वाढेल. नोंद नसेल तर गाडी चोरीला गेली तरी ६६ हजारांचे शून्य मिळतात.

हिशेब असा बसतो. एसआयपी देऊन महिन्याला १४ हजार उरतात. जून-जुलैमध्ये पत्रा आणि रंग, ऑगस्टमध्ये जोड-कवचं आणि कॉम्प्रेसर, सप्टेंबरमध्ये क्लॅडिंग, ऑक्टोबरमध्ये दोर-शॅकल. दिवाळीच्या बोनसमध्ये ६ हजार घालून प्लेट आणि स्लायडर. नोव्हेंबरपासून सुटणारे १४ हजार एफडीशेजारी आवर्ती ठेवीत, ४ लाख पुरे होईपर्यंत.

प्लेट आणि स्लायडर बसेपर्यंत मित्रांबरोबर जा, पण खडकात स्वतःची गाडी घालू नका. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे, तिथे एखादा दिवस करून या. मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढायचा नसतो, चाक त्याच्यावर चढवायचं असतं, हे तिथे बाहेर उभ्या माणसाच्या हाताच्या खुणेवर करून घेतात. तुमची गाडी बाजूने बसली त्या दगडाचा फोटो पाहिला. तिथे गाडीतून खाली उतरून एकाने वाट दाखवली असती तर ४० हजारांचं बिल आलं नसतं असं मला वाटतं.

आणि ग्रुपमधल्या स्पर्धेत नाव घालायचा विचार शेवटच्या ओळीत लिहिलाय, तो पैसे भरण्याआधी पॉलिसीसमोर ठेवा. खासगी गाडीची पॉलिसी आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) यांना चालत नाही. आयोजकांकडे त्या दिवसाचा वेगळा विमा आहे का, आणि त्यात गाडी धरली आहे की फक्त माणसं, हे लेखी मागा.