मुंबईत खरंच इंग्रजांच्या युद्धनौका बांधल्या जायच्या का?
हो, आणि त्यातली एक अजून पाण्यावर आहे! लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गोदीत जहाजं बांधली. इथे १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेली ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूलला पाहता येते.

खरी गंमत लाकडात आहे. इंग्लंडात जहाजांसाठी वापरत त्या ओक झाडाच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, मलबारी सागाच्या तेलामुळे मात्र ते टिकतात. शिवाय लाकूड पोखरणारा किडा लागू नये म्हणून तळाला बाहेरून तांब्याचे पत्रे ठोकत. पुढे लोखंडी आगबोटी आल्या आणि सुतारांचं महत्त्व ओसरलं. तरी माझगाव डॉक आहेच; तिथली ‘नीलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली, पोलादाची.