टी-सेट चांदीचा नाहीये, कर्ज मात्र सोन्यावर आहे

कोथरूडच्या एका वाचकांचं पत्र आलंय. मुलगी नववीत. ओळखीच्या अँटिकवाल्याकडून 'ब्रिटिश चांदीचा' टी-सेट २ लाखांना घेतला, वजन अडीच किलो, आता विकू का मुलीच्या इंजिनिअरिंगपर्यंत ठेवू असा प्रश्न आहे. सोबत तळाचा फोटो, आणि शेवटी जाता जाता दोन ओळी, की पैशांसाठी बायकोच्या बांगड्या ठेवून गोल्ड लोन काढलं आणि दुसऱ्या सेटला २५ हजार टोकन देऊन ठेवलंय.

साहेब, फोटो मोठा करून बघा. चार ढालींचे ठसे म्हणजे हॉलमार्क असं तुम्ही धरून चाललात, पण त्या ढालींमध्ये वळणदार अक्षरांत लिहिलंय ई, पी, एन, एस. इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. निकेल सिल्व्हर म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर, तांबं, जस्त आणि निकेल, त्यात चांदी शून्य. वर फक्त मुलामा. शेजारचं ए-१ हे मुलाम्याची प्रत सांगतं, चांदीची शुद्धता नाही. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतल्यावर असा माल बर्मिंगहॅम-शेफिल्डमधून ढिगाने निघाला आणि ठसे मुद्दाम हॉलमार्कसारखेच मारायचे. खऱ्या इंग्लिश स्टर्लिंगवर, म्हणजे ९२.५ टक्के चांदीवर, पंजा उचलून चालणारा सिंह असतो, सोबत शहराची खूण (बर्मिंगहॅमचा नांगर, लंडनचं बिबट्याचं तोंड), वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

दुकानदाराने मशीनवर ९२ टक्के दाखवलं म्हणता. ते मशीन वरचाच थर वाचतं हो! बुडाला आतून थोडं खरवडून मग लावायला सांगायचं होतं. लोहचुंबकाचाही उपयोग नाही, तो चांदी आणि जर्मन सिल्व्हर दोन्हींना चिकटत नाही. आणि दांड्याजवळचा पिवळट डाग पॉलिशने जात नाही असं तुम्हीच लिहिलंय, तो डाग नाहीये, मुलामा घासून आतला धातू दिसतोय. अडीच किलो चांदी ८० हजार किलोने कोण देतो, हे तरी खटकायला हवं होतं. जाड मुलामा धरला तरी चांदी पन्नासेक ग्रॅम निघेल, आणि ती काढायला खर्च वेगळा.

आता न विचारलेलं. बँकेत ३ लाखांची एफडी आहे म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. गोल्ड लोन २ लाख, १२ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला २४ हजार व्याज. तेवढ्याच रकमेवर एफडी साडेसहा टक्क्यांनी १३ हजार देते, त्यावर टॅक्स. म्हणजे ११ हजारांहून जास्त दरवर्षी फुकट चाललेत, आणि घरातलं खरं सोनं बँकेत अडकलंय ते मुलाम्याच्या किटलीसाठी. वहिनींना हे माहितीये का, पत्रात काही नाही.

सोमवारी एफडी मोडा, थोडं व्याज कापतील तर कापू दे, लोन बंद करा, बांगड्या आणा. दुसरा सेट रद्द. टोकन परत मागा, नाही दिलं तर सोडून द्या, पण २५ हजार वाचवायला आणखी दोन लाख घालू नका. पहिल्या सेटचं बिल काढा. त्यावर 'चांदी' लिहिलं असेल तर लेखी पत्र द्या आणि पैसे परत मागा, नाही ऐकलं तर ग्राहक आयोग आहे. नुसतं 'अँटिक टी-सेट' लिहिलं असेल तर केस कठीण, मग प्लेटेड म्हणून सांगूनच विका, येतील ते घ्या.

व्याजाचे वाचलेले महिन्याला २ हजार आरडीत टाकलेत तर बारावीपर्यंत, तीन वर्षं धरली तर, ७५-८० हजार होतात. एफडीतला उरलेला लाख वेगळा.