चामखीळ ‘आला’ की ‘आली’? आणि मग मस कुठला?

कोथरूडच्या एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. मानेवर मऊ, लोंबता दाणा आलाय. डॉक्टर ‘स्किन टॅग’ म्हणाले, आई ‘चामखीळ’ म्हणते, सासूबाई ‘मस’. बरोबर कोण? आणि चामखीळ ‘आला’ की ‘आली’?

सोपं आधी. आली. खीळ स्त्रीलिंगी आहे: कामाला खीळ बसते, घाबरल्यावर दातखीळ बसते. समासात शेवटच्या शब्दाचं लिंग चालतं, म्हणून ती चामखीळ, त्या चामखिळी. विभक्ती लागली की ‘खी’ ऱ्हस्व होते: चामखिळीला, चामखिळीवर. परवा लक्ष्मी रस्त्याजवळ भिंतीवर चिकटवलेला कागद वाचला, ‘चामखीळीवर खात्रीशीर इलाज’. इलाजाचं सोडा, वेलांटी मात्र खात्रीने चुकली होती.

चाम म्हणजे चर्म, चामडं आणि चांभार यांतलंच. खीळ म्हणजे कील, खिळा. संस्कृतात हाच शब्द चर्मकील, आणि सुश्रुतसंहितेत तो भेटतो कुठे, तर निदानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, म्हणजे मूळव्याधीच्या प्रकरणात! व्यान वायू (आयुर्वेदातल्या पाच वायूंपैकी अंगभर फिरणारा) कफाला धरून बाहेर त्वचेवर खिळ्यासारखे स्थिर अर्श, म्हणजे मोड, उत्पन्न करतो, ते चर्मकील, असं तिथे म्हटलंय. म्हणजे मूळव्याधीचा मोड आणि मानेवरची चामखीळ ही चुलत भावंडं. हे आईंना सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा.

मस आला मषकावरून. त्याच ग्रंथात, क्षुद्ररोगांमध्ये (किरकोळ विकारांत), मषक म्हणजे न दुखणारा, स्थिर, माषासारखा म्हणजे उडदासारखा काळा नि उठलेला. त्याच्या शेजारीच तिलकालक, न उठलेला, तिळाएवढा. तोच आपला तीळ. अंगावरच्या खुणांना वाण्याच्या दुकानातली नावं मिळाली आहेत. तेव्हा काळा, टपोरा तो मस, सपाट तो तीळ. तुमच्या दाण्याला मस म्हणणं मला थोडं सैल वाटतं, पण सासूबाईंशी वाद घालण्याइतकं नाही.

खरी अडचण ‘चामखीळ’ या शब्दाचीच आहे. खिळा कडक असतो, तुमचा दाणा मऊ आहे आणि बारीक देठावर लोंबतोय. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. बोटांवरची खरखरीत, टणक चामखीळ विषाणूमुळे येते आणि स्पर्शाने पसरू शकते. लोंबती चामखीळ संसर्गजन्य नाही. मान, काख, पापण्या, जांघ अशा त्वचा त्वचेवर घासते त्या जागी ती येते. गरोदरपणात, वजन वाढल्यावर, मधुमेहात जास्त दिसते. ग्रीकांनी तिला ‘अक्रोकॉर्डॉन’ म्हटलं: अक्रॉस म्हणजे टोक, कॉर्डे म्हणजे तात, वाद्याला लावतात ती. आपल्याला खिळा दिसला, त्यांना तात. या एका बाबतीत त्यांची नजर जास्त बारीक होती.

म्हणून घरात ‘लोंबती चामखीळ’ म्हणावं, दवाखान्यात खुशाल ‘स्किन टॅग’. ‘त्वचापुच्छ’ वगैरे घडवू नये. असले शब्द जन्मतःच कोशात जाऊन पडतात.

काढलीच पाहिजे असं नाही. दागिन्यात किंवा कॉलरला अडकत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ ती कात्रीने कापतात, विजेने जाळतात किंवा द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात, काही मिनिटांचं काम. घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं किंवा चुना-सोडा लावणं मात्र नको. केसाने जखम चिघळते, चुन्याने आजूबाजूची चांगली कातडी भाजते, आणि पापणीजवळ तर हे प्रयोग डोळ्यावरच बेततात. दाणा भराभर वाढला, रंग बदलला किंवा आपोआप रक्त आलं, तर तो तीळ, मस की चामखीळ, हा निवाडा घरात करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.